न झालेल्या धावा

रात्रीच्या मॅचला मी खांबाखाली बसतो,
मांडीवर वही, वहीवर प्लॅस्टिकची पिशवी,
दंव पडतं म्हणून.
दिवसा पतपेढीत लोकांचे हप्ते,
रात्री कांजूरच्या मैदानात आमचे.
खजिनदार, जय गावदेवी इलेव्हन. सतरा वर्षं.
बॅट मी कधी धरली नाही.

यंदा शेठनी दिले दोन लाख दहा हजार.
त्यातून टेम्पो, टी-शर्ट, एन्ट्री फी,
बॉलचे डबे, वडापाव, कुणाचा तरी गुडघा.
खेळणाऱ्यांसाठी उरले एक लाख चाळीस.

शेठ म्हणाले, पनवेलचा तो डावखुरा आणा.
साठ मागतोय,
पण त्याचे सिक्स मोबाईलवर फिरतात.
मी म्हटलं, मग लांबची पोरं?
म्हणाले, लांब काय, कोणीही उभं राहतं.

कोणीही.
लाँगऑनला रोशन भोईर,
पहाटे भाऊच्या धक्क्यावर बर्फ फोडतो,
तळव्यांना थंडी कळत नाही, बॉल कळतो.
लाँगऑफला मुनाफ,
लाईटच्या वर काळोखात गेलेला बॉल
त्याला बॅटच्या आवाजावरून दिसतो.
आणि मिडविकेटला, पार गटाराच्या भिंतीपाशी,
भांडुप गावातला ग्लॅडविन परेरा.
तो धावत नाही. तो आधीपासून तिथे असतो.

झेल घेतला की माझ्याकडे बघायचा,
हवेत पेन चालवल्यासारखी बोटं हलवायचा:
लिहा, काका.

काय लिहू?
रकाने आहेत धावा, विकेट, पैसे, सही.
न गेलेल्या चौकाराला रकाना नाही.
गेल्या मोसमात मी एक आखला,
समासाबाहेर, पेन्सिलीने.
एकवीस सामने. तिघांनी मिळून
दोनशे सहा धावा होऊ दिल्या नाहीत.
शेठना दाखवलं. चष्मा शोधला त्यांनी, बघितलं,
म्हणाले, जे झालंच नाही
त्याचे पैसे मागता होय?

डावखुरा आला. ऐंशी उरले, दहा जणांत.
तिघांना बारा-बारा दिले
तर बाकीच्या सातांना सहा-सहा, वर चिल्लर.
चहा कापला, टी-शर्टवरची नावं कापली,
गुडघ्याच्या पैशांपाशी पेन अडलं.

शनिवारी ग्लॅडविन पतपेढीत आला.
टोकन घेऊन रांगेत उभा राहिला, सगळ्यांसारखा.
खिडकीशी आल्यावर म्हणाला,
उरणवाले वीस देतायत, काका.
मे महिन्यात बहिणीचं लग्न,
उंबराच्या पाण्याला बँड सांगायचाय.
मागत नव्हता. सांगत होता.
माझ्या गल्ल्यात तेव्हा तीन लाख होते,
मोजलेले, रबर लावलेले.
मी म्हटलं, जा.
मग म्हटलं, टी-शर्ट राहू दे तुझ्याकडे.

फेब्रुवारीत उरणशीच गाठ पडली, सेमीफायनलला.
डावखुरा रंगात. एका बॉलवर पाच हव्या.
उचलला त्याने, लाईटच्याही वर.
आमचा तंबू उठला, शेठ उठले,
कुणीतरी फटाक्याला काडी लावली.
मी बसून.
बॉल भिंतीकडे निघाला होता
आणि भिंतीपाशी कोण आहे
ते मला ठाऊक होतं.

झेल घेतला त्याने. सवयीने इकडे वळला,
बोटं हलवली,
मग आठवलं असावं.
हात खाली घेऊन पँटला पुसला.

मी पिशवी बाजूला केली.
समासाबाहेर सहा लिहिले.
जमा धरायचे की नावे, ते अजून राहिलंय.
फटाका उशिरा वाजला.
धुरातून शेठ विचारत होते,
तो भिंतीकडचा पोरगा
आपल्याला कितीला पडेल?