दोरा

कोचकोरच्या शाळेमागे, मोकळ्या पटांगणात
सेझिमच्या घोट्यांना दोरा बांधलाय,
अर्धा काळा, अर्धा पांढरा, मेंढीच्या लोकरीचा.
मीच वळला काल रात्री,
पावाची कणीक तिंबून झाल्यावर.

धावत येणाऱ्या पोरांत जो पहिला
त्यानं तो कापायचा,
आणि त्याची चाल म्हणे लेकराला लागते.
माझा दोरा कापला होता टपालवाल्याच्या तुर्गुनबेकनं.
तो पुढे कबुतरं पाळत घरीच बसला.
आत्या अजून मला त्यावरून टोमणे मारते.

बाप मॉस्कोत. फोनच्या चौकटीत
टोपीवर सिमेंट घेऊन उभा.
"धर तिला, पडेल."

पडेलच.
किती वेळा पडली, तुला कुठे ठाऊक.
पडली की आधी माझं तोंड बघते,
तिथलं वाचते,
मग ठरवते, रडायचं की नाही.
मी तोंड दारासारखं ठेवायला शिकलेय,
नुसतं लोटलेलं,
कडी न घालता.

पहिला शब्द बोलली "अपा", म्हणजे मी.
दुसरा "ओझुम", म्हणजे माझं मी.
मधे फक्त अकरा दिवस!
तेव्हापासून उजव्या पायात डावा बूट,
अर्धा अर्धा तास,
चुलीवर दूध उतू गेल्याचा वास
आणि मी
दोन्ही हात मांडीखाली दाबून बसलेली.

आली पोरं, धुरळ्यासकट.
पहिली बुरुलचा, पुढचा दात पडलेली,
एक चप्पल वाटेतच कुठेतरी.
कात्री हातात घेऊन उकिडवी बसली
आणि सेझिमलाच विचारलं,
"कापू?"
असं विचारताना मी कुणाला पाहिलं नव्हतं.

सेझिमनं कात्री पाहिली. मला पाहिलं.
पाय पुढे केला.

सात पावलं, गाढवाच्या दिशेनं.
आठव्याला थांबली,
मान वळवून बघितलं
मी ठेवल्या जागी आहे का.

होते. घोंगडीवर, पाय पसरून.
फोनमधून बाप ओरडला, "अगं, बोलाव ना!"
नाही बोलावलं.

ती पुन्हा गाढवाकडे वळली.

दोऱ्याचे तुकडे मी खिशात टाकले,
सुटे पैसे, एक बटण, त्यांच्यातच.
रात्री ही ओझुमवाली बाई
माझं बोट मुठीत धरून झोपली.
बोट बधिर झालं. कणीक तिंबायची राहिली.
सोडवून नाही घेतलं.
सोडेल.
तिचं ती.