सुकती

पाटीवर वेळ होती: सकाळी नऊ ते एक, संध्याकाळी सहा ते नऊ.
अमावास्या-पौर्णिमेचं पाटीवर काही नव्हतं.
पण त्या दिवशी, आणि पुढेही एखाद दिवस,
डॉक्टर वेलकर साडेसातशिवाय उगवायचे नाहीत
आणि बाकावरची माणसं सांभाळायची मी.

प्रभादेवीची माणसं, गप्प थोडीच बसणार.
कुणी म्हणालं, देवीचं काहीतरी पाळतात.
कुणी म्हणालं, जुनं देणं असेल, द्यावंच लागतं.
घागांची म्हातारी तर काउंटरवर नारळ ठेवून गेली:
"डॉक्टरांना द्या. कशाला ते विचारू नका."
मी तो घरी नेला. चटणी केली.

नोकरीला तेव्हा सहा वर्षं झालेली.
गुलाबी मिक्स्चर, बाटलीला कागदाची खूणपट्टी,
तीन पुड्या, जेवणानंतर, तेलकट नको,
एवढ्यात माझं त्यांच्याबद्दलचं ज्ञान आटपायचं.
एका पौर्णिमेला मागोमाग गेलो.

वरळीच्या कोळीवाड्यापलीकडे
पाणी पार आत ओसरलेलं,
आणि उघड्या पडलेल्या खडकांत
पँट गुडघ्यापर्यंत दुमडून आमचे डॉक्टर ओणवे.
लहान पोराच्या घशात बघावं
तसे टॉर्च धरून एका डबक्यात बघत होते.

"गावडे, आलाच आहात तर चपला काढा.
त्या हिरव्यावर पाय देऊ नका, घसराल."

गोगलगाय होती. शंख नसलेली,
माझ्या करंगळीच्या नखाएवढी,
निळी, कडेला पिवळी रेघ.
औषधाला लागते का, मी विचारलं.
"कशालाच लागत नाही," ते म्हणाले.
दवाखान्यात इतक्या आनंदानं
एकही वाक्य त्यांनी उच्चारलेलं मला आठवत नाही.

कालवं फोडणाऱ्या बायका लांबून हाक द्यायच्या,
डाक्टर, जरा माझा गुडघा...
"साडेसातला. दवाखान्यात."
मान वर न करता.

फक्त एकदा, चांगुणाबायच्या पोराला पाकटाचा काटा लागला.
तेव्हा धावले. पोराला उचलून चहावाल्याकडे,
त्याचं अख्खं आधण बादलीत ओतायला लावलं,
आधी स्वतःचा हात घालून बघितला, मग त्याचा पाय,
आणि तासभर तो पाय धरून बसले.
इकडे भरती चढली.
वही खडकावर राहिली होती,
ती मी कमरेएवढ्या पाण्यातून आणली.
उघडून बघितली नाही. बघायची रीत नव्हती आमची.

मग भराव आला.
दगडांचे डंपर रात्रंदिवस.
ते एकदा जाऊन आले, मला काही बोलले नाहीत.
पुढच्या अमावास्येला दवाखाना बरोबर सहाला उघडला.
लोक घाबरले.

आता त्या गाळ्यात मोबाइलची कव्हरं मिळतात.
डॉक्टर मुलुंडला मुलीकडे, सोळाव्या मजल्यावर.
जाताना वजनकाटा भंगारात दिला,
स्टेथोस्कोप नातवाला खेळायला,
आणि वह्यांचं बोचकं माझ्याकडे.
"उंदरांपासून जपा," एवढंच.

सुकती ५.४८. वारा नाही. निळ्या दोन, एकीची अंडी.
उमर टेलर, पहाटे.

सुकती ६.१०. खेकडा कात टाकताना. पाऊण तास बघितला.
मस्करेन्हस टीचर.

सुकती ५.२२. गढूळ. काही दिसलं नाही.
घागांची म्हातारी.

ना आजार लिहिलाय, ना वय.
बाटल्या मीच भरल्या होत्या या सगळ्यांच्या,
मापाला मी कधी चुकलो नाही.
तरी त्या रात्री दिवा मालवायला उशीर झाला.

परवा कॅलेंडरात पौर्णिमा बघितली आणि फोन लावला.
साहेब, आज सुकती किती वाजता?
"सहाला पाच कमी," ते म्हणाले, लगेच,
जसं सोळाव्या मजल्याच्या खाली पाणीच आहे.

मग बराच वेळ दोघंही गप्प.
ठेवू का, म्हणणार होतो,
तेवढ्यात ते म्हणाले,
"गावडे, त्या नारळाचं मला ठाऊक होतं."