शुद्धिपत्र

मी लघुलेखिका. मला मत नाही.
माझ्या यंत्राला बावीस कळा,
त्यात शांततेसाठी एकही नाही.

पश्चिम कॅन्सस. शाळेची व्यायामशाळा.
बास्केटबॉलच्या जाळीखाली लांब टेबल,
शिक्षण मंडळाचे नऊजण, पाण्याचे जग,
आणि वाद एका विशेषणाचा:
विज्ञान म्हणजे नैसर्गिक कारणांचा शोध,
की नुसताच कारणांचा?
एक शब्द खोडायचा, एवढंच.
त्यासाठी चार दिवस, दोन वकील,
बाहेर पार्किंगमध्ये पाट्या धरून
डांबरासारखी तापलेली माणसं.

पहिला साक्षीदार डेल्मर कोएन.
चर्चमध्ये माझ्या मागच्या बाकावर बसतो, खर्जात गातो.
बाबा गेले त्या हिवाळ्यात
आमच्या दारातला बर्फ न सांगता उपसायचा.
धान्याच्या कोठारांची यंत्रं आखण्यात हयात गेली.
म्हणाला, यंत्र दिसलं की मला आखणारा दिसतो.
पेशीतही दिसतो.
वकिलानं विचारलं,
काय सापडलं तर म्हणाल, माझं चुकलं?
पंख्याचे अकरा फेरे मी मोजले.
लिहिलं: उत्तर नाही.
मग तो म्हणाला, तसं काही सापडणारच नाही.
उर्मटपणे नाही,
बायकोच्या सचोटीबद्दल बोलावं
तसं.

मग ऑर्फा थीसेन. जीवशास्त्र, एकतीस वर्षं,
बाहीवर कसलातरी निळा डाग.
दुसऱ्या वकिलानं विचारलं,
पहिली पेशी कशी झाली, सांगा पाहू.
माहीत नाही, ती म्हणाली.
अर्धा फेरासुद्धा झाला नव्हता.
मागच्या रांगेत कुणीतरी टाळी वाजवली.
म्हणजे तुमचं विज्ञान इथे संपलं?
नाही हो, इथून माझा तास सुरू होतो.

(बाबा पाद्री होते.
शनिवारी आम्हाला खडूच्या कड्यांकडे न्यायचे.
चारी दिशांना शेकडो मैल समुद्र नाही
आणि दगडात शार्कचे दात.
काळ्या दगडावरची रेघ पुसत नाही म्हणतात;
आमचा दगड पांढरा,
नखानं रेघ उठते, एका हिवाळ्यात जाते.
दात कॉफीच्या डब्यात टाकत ते म्हणायचे,
देवाला घाई नव्हती बघ.
किती वर्षं झाली, मी विचारायचे.
मोजणाऱ्यांना विचार, म्हणायचे,
आणि मलाही येऊन सांग.
हे माझ्या यंत्रात नाही. कंसात ठेवते.)

मतदान झालं. पाच विरुद्ध चार.
शब्द गेला.
पाट्या गाड्यांच्या डिक्कीत गेल्या.

नियम असा, की प्रत्येक साक्षीदाराला
आपली जबानी आणि एक कोरा कागद जातो:
पृष्ठ, ओळ, अमुक ऐवजी तमुक वाचावे.
मुदत तीस दिवस.
डेल्मरचा कागद आठवड्यात परत आला,
खाली सही, वर सगळ्या ओळी रिकाम्या.
ऑर्फाचा काल आला, दोन्ही बाजूंनी भरून.
पृष्ठ ४१, ओळ ९: 'सिद्ध झालं आहे' ऐवजी
'पुरावा भक्कम आहे'.
पृष्ठ ५२, ओळ १७: 'आठ कोटी वर्षं' ऐवजी
'सुमारे साडेआठ'. घाईत बोलले.
पृष्ठ ६०, ओळ ३: 'कोएन यांना सत्य नकोच आहे'.
हे वाक्य गाळावे. मला ते माहीत नाही.

गाळता येत नाही, मी तिला कळवलं.
मूळ ओळ राहते,
दुरुस्ती तिच्या शेजारी शिवली जाते.
तिचं उत्तर एका ओळीचं:
मग तर बरंच.

रविवारी मागच्या बाकावरून
तोच खर्ज आला, नेहमीसारखा सुरात.
माझ्या कोटाच्या खिशात एक दात होता,
अजून धार आहे त्याला.

या कागदातली एक ओळ मलाही बदलायची आहे.
अगदी पहिली.
मुदतीचे चार दिवस उरलेत.