दोन बोटं खेळ

अल्बिना कोफोल गाडी आणते ऑक्टोबरात,
वरच्या कड्यावर पहिला बर्फ दिसला की.
जुनी रेनो-फोर. इद्रियात सगळे तिला कात्रत्सा म्हणतात,
लाडानं, घरातल्या शेळीला हाक मारावी तसं.
तिचा गिअरचा दांडा जमिनीतून उगवत नाही.
डॅशबोर्डातून बाहेर येतो, छत्रीच्या मुठीसारखा.
ओढायचा, ढकलायचा, मनगट जरासं वळवायचं.
पलीकडे एक लांब सळई
इंजिनाच्या डोक्यावरून सरळ पुढे जाते,
गाडीच्या नाकाशी, जिथे गिअरबॉक्स बसलाय.
मधे रबराचा एक बुश.
तेवढाच मध्यस्थ.

बुश झिजला होता.
न्यूट्रलमध्ये दांडा धरून हलवला:
दोन बोटं खेळ.
मी विचारलं, बाई, तुम्ही तिसरा टाकता की शोधता?
ती म्हणाली, शोधायचा कशाला. तो येतो.

चाळीस वर्षं सुईणपण केलं तिनं
वरच्या वस्त्यांमध्ये, जिथे डांबर संपून नुसती खडी उरते.
रात्रीअपरात्री हीच गाडी, हीच मूठ.
मूठ एका बाजूनं गुळगुळीत झालीये,
अंगठ्याच्या जागी खळगा.

मी लेथवर नवा बुश कातला,
पांढऱ्या कडक नायलॉनचा.
केस जाईल एवढीही फट नाही.
गिअर पडू लागले
डबीवर झाकण बसावं तसे.
कट्. कट्.
दुपारभर उगाचच टाकत बसलो,
गाडी उभी, इंजिन बंद,
पहिला, दुसरा, तिसरा, परत पहिला.
स्वतःवर खूश.

आठव्या दिवशी ती दारात.
बोश्त्यान, हिला काय केलंस?
पुटपुटायची, आता किंचाळते.
खडीवरचा एकेक दगड मनगटात येतो.
आणि तिसरा मी पोचायच्या आत लागतो.

मी समजावलं. रबर धक्के गिळतं,
नायलॉन गिळत नाही, जसंच्या तसं पुढे देतं,
अचूक म्हणजे हेच.
तिनं ऐकून घेतलं.
मग ग्रीसनं माखलेला माझा हात उचलून
स्वतःच्या स्वेटरवर, पोटावर ठेवला.
बाळाचं डोकं कुठे आहे ते मी अशी ओळखायचे, म्हणाली.
मधे आई असते.
ती मधे असते म्हणून तर कळतं.

मला काही सुचलं नाही.
स्वेटरवर चार काळी बोटं उमटली होती,
तिनं पाहिलीही नाहीत.

त्या रात्री माझ्या गाडीनं घरी जाताना लक्ष दिलं.
माझ्या गाडीत सळई नाही, दोन केबल आहेत,
नळीत घातलेल्या, इंजिनाला वळसे घालत जाणाऱ्या.
हात मऊ मऊ काहीतरी ढकलतो.
गिअर पडतो, नाही असं नाही,
पण पडला हे कोणीतरी येऊन सांगतं,
शेजारच्या गावाहून, जरा उशिरानं.
अकरा वर्षं चालवतोय.
हात बसलाय असं वाटायचं.

जुन्या खणात रबराचे तीन तुकडे सापडले.
पहिला फार मऊ. दुसरा चिरलेला.
तिसरा घासून घासून बसवला,
आणि जाणूनबुजून
एक बोट खेळ ठेवला.
माझ्या गुरूनं पाहिलं असतं तर पाना फेकून मारला असता.

शनिवारी तिनं मला शेजारी बसवलं.
चढ सुरू झाला, पाइनची झाडं, खाली नदीचा आवाज.
दुसऱ्यात इंजिन रडू लागलं,
तिनं मूठ धरली नाही, नुसती हाताखाली घेतली,
मनगट वळलं,
आणि मधे, त्या एका बोटाएवढ्या रिकाम्या जागेत,
क्षणभर ती थांबली.
तिसरा आला.

ती काही बोलली नाही.
बरंच पुढे, सपाटीवर,
चौथ्यासाठी तिनं दांडा मागे ओढला,
तेव्हा माझा डावा पाय,
माझ्या बाजूला क्लच नसताना,
पत्र्यावर दाबला गेला.