माउसखालचं घड्याळ

नऊ वाजता मी पुण्यात असते.
म्हणजे नाव असतं. वर्षाराणी एल., शेजारी हिरवा ठिपका.
मी स्वतः पलूसमध्ये, मागच्या खोलीत,
गव्हाच्या कोठीला पाठ लावून,
मांडीवर मेथीची जुडी.
कॅमेरा बंद. "इकडे नेटवर्कचा प्रॉब्लेम आहे, सर."
नेटवर्क उत्तम आहे.

सर विचारतात, कालचं कुठवर आलं?
होतच आलंय, म्हणते मी.
देठं पेपरवर, पानं चाळणीत.
होत आलेलं असतंच काहीतरी.

मी विम्याचे दावे तपासते.
कुणाचा बंपर, कुणाचा आरसा, कुणाची उलटलेली ॲक्टिव्हा.
फोटोतल्या सावलीवरून मला कळतं
कोण खोटं बोलतंय.
याचाच पगार आहे.

दहा ते साडेअकरा खरं काम. अगदी खरं,
मान दुखेपर्यंत.
मग गॅसवाला येतो आणि मी म्यूट करायचं विसरते,
"ताई, पावतीवर सही" हे पुण्यात सतरा जणांना ऐकू जातं.
कुणी हसत नाही. प्रत्येकाच्या दारात
कुणी ना कुणी उभं असतंच.

पाच मिनिटं हात हलला नाही
की ठिपका पिवळा पडतो, कावीळ झाल्यासारखा.
उपाय नागपूरच्या फिरदौसनं सांगितला:
काट्याचं घड्याळ उताणं ठेव, त्याच्यावर माउस.
सेकंदकाटा सरकतो, माउसला वाटतं हात आहे.
कपाटात अण्णांचं होतं,
निवृत्तीला कारखान्यानं दिलेलं, चावीचं,
मागच्या बाजूला नाव कोरलेलं, त्यातही चूक.

तर दुपारी दोन ते तीन
घड्याळ माझं काम करतं
आणि मी फॅनखाली, तोंडावर ओढणी.
स्वप्नातसुद्धा कुणीतरी विचारतं,
आवाज येतोय का माझा?

मंगळवारी अण्णांना बँकेत जायचं होतं.
"माझं घड्याळ बघितलंस का गं?"
मी उठेपर्यंत ते टेबलापाशी पोचले होते.
माउस उचलला. खाली बघितलं. परत ठेवला,
जसं झाकण ठेवतात उतू जाणाऱ्या दुधावर, उशिरा.

सांगितलं सगळं. ठिपका, कावीळ, फिरदौस.
चौतीस वर्षं भोंग्याच्या आधी गेटवर उभा राहिलेला माणूस.
मला वाटलं, आता बोलतील.
ते कॉटवर बसले, टोपी काढली.

"रात्रपाळीला," म्हणाले,
"तीनच्या पुढं डोळं राहायचं न्हाईत.
लेथ रिकामीच चालू ठेवायची
आन् खोक्यांच्या मागं पडायचं.
आवाज हाय म्हणजे माणूस हाय, साहेब लांबनंच जायचा.
बाबू मुजावर मला उठवायचा. मी त्याला."
जरा थांबून, "तुझ्या आईला ठावं न्हवतं."

आई फोटोत होती. तिनं काही ऐकल्यासारखं केलं नाही.

मग त्यांनी माउस बाजूला घेतला,
घड्याळ उचललं, कानाला लावलं,
अंगठ्यानं चावी दिली, सावकाश, भरेपर्यंत,
आणि होतं तिथंच ठेवलं.
"सकाळी देत जा. मधीच थांबलं तर सापडशील."
बँकेत गेले ते रिकाम्या मनगटानं.

रात्री साडेदहाला मी पुन्हा बसते.
उरलेले चौदा दावे. आता कुणी बघत नाही,
ठिपका करडा, आणि हात मात्र माझाच.
बाराव्या दाव्यात बीडचा एक आरसा,
गेल्या महिन्यातही हाच फुटला होता,
तडा तोच, फक्त फोटो कलता काढलाय.

मी बराच वेळ बघत राहिले.
पलीकडे अण्णा घोरत होते, लेथसारखे.

मंजूर नाही केला.
पण नाकारलाही नाही लगेच.
शेऱ्यात लिहिलं: फोटो स्पष्ट नाही,
कृपया पुन्हा पाठवावा.