अर्ध्या मिलिमीटरचा वायसर

अंबडला, पॉवर हाऊसमागच्या गल्लीत
सुपडू बागुल बॉनेट उघडतो,
झोपलेल्या पोराचं पांघरूण सारावं तसं.
गाडी माझी. पंधरा वर्षं जुनी टर्बो, सेकंडहँड.
कंपनीनं शेवटी दिलेल्या पैशांतला
एवढाच एक उधळेपणा.

मूळचा बायपास व्हॉल्व्ह प्लास्टिकचा.
आतल्या रबरी पडद्याला चीर,
नखाएवढी,
पण विल्होळीचा चढ आला की
तिच्यातून अख्खी गाडी गळायची.

मी नवा आणलेला: निळा, चकचकीत,
हवा थेट बाहेर सोडणारा.
कॉलेज रोडची पोरं
सिग्नलला सिग्नलला सोडतात तो फुत्कार
मलाही हवा होता, या वयात.
सुपडूनं तो तळहातावर तोलला
आणि फडक्यात गुंडाळून परत दिला.
"इंजिननं मोजून घेतलेली हवा
रस्त्यावर कशाला सांडतो भो?
आली त्या नळीत परत दे तिला."
मग फळीवरून दुसरा काढला,
धातूचा, पिस्टनचा, रंग नसलेला.

मोठ्यानं बोलतो तो.
सातपूरला दोनशे टनी प्रेसशेजारी सव्वीस वर्षं.
दोन्ही कान तिथल्या हजेरीपत्रकात राहिले.

पाय उचलला की थ्रॉटल मिटतं,
पण पंखा फिरतच असतो.
हॉलचं दार लावून घेतलं तरी
रिक्षांतून पाहुणे उतरतच राहावेत
तशी मागून हवा येत राहते,
दारावर आपटते, उलटी फिरते,
पंख्याच्याच पात्यांवर जाऊन आदळते.

हे मला लगेच कळलं.
मार्चमध्ये कंपनीनं गेट मिटलं,
आणि एप्रिलभर मी
पहाटे पाचला उठून दाढी करत होतो.

त्र्यंबक रोड, साडेपाच. अंजनेरी अजून काळी.
सुपडू माझ्या शेजारी.
इंजिनापासून बॉनेटच्या फटीतून, खिडकीतून
एक बारीक नळी आत घेतलेली,
तिच्या तोंडावर त्याचा अंगठा.
वैद्य नाडी बघतो ना, तसा. डोळे मिटून.

स्प्रिंगखाली तीन वायसर:
पाय उचलला, आणि तो म्हणाला, "लावा."
मुठीत धरलेला लावा पक्षी, पंख फडफडवणारा.
मला फडफड ऐकू आली,
त्याला अंगठ्यात.
तिन्ही काढले:
आता स्प्रिंग इतकी मऊ, की
भर वेगात व्हॉल्व्ह आपणहून किलकिला.
बेळगाव ढग्याशी गाडीला धाप लागली,
दुधाचा टेम्पो आम्हाला ओलांडून गेला,
आतला पोरगा हसला.
एक घातला: लावा नाही,
पण लाव्याचं एखादं पीस.

रस्त्याकडेला त्यानं पितळी पत्रा काढला,
कात्रीनं गोल कापला, मधे भोक,
कडा दगडावर घासल्या.
मी फिलर गेज लावून पाहिलं, जुनी खोड:
अर्धा मिलिमीटर. त्याला न विचारता
मी मनातल्या मनात पास केला.
एकाच्या जागी तो.

पुन्हा तिसरा गिअर, पुन्हा चढ.
ताकद पाठीत रोवली गेली,
सीटनं मला धरलं.
आणि मग पाय उचलला.

काही नाही.
फुत्कार नाही, फडफड नाही.
टायर, थोडा वारा,
अंजनेरीच्या खांद्यावर आलेला उजेड.
एवढा दाब कुठं गेला, कुणाला कळलंही नाही.

"आवाज येतो का?" सुपडूनं ओरडून विचारलं.
मी मान हलवली.
"मलाबी नाही," तो म्हणाला
आणि एवढा हसला की अंगठा नळीवरून सुटला.

परत आल्यावर बिल केलं:
मजुरी साडेतीनशे.
वायसरचे वीस वेगळे.