उघडं अवतरण

सर्जेकोटच्या जेटीवर बसून
इंग्रजीत गोष्ट लिहितोय.
नियम पाठ आहे: नवा माणूस बोलला
की नवा परिच्छेद.
इथे सरंग्याच्या एका टोपलीवर
चौघी एकदम बोलतात.

स्वल्पविराम अवतरणाच्या आत,
मग ‘म्हणाली’.
आनशीकाकी तोवर वळलेली असते,
उरलेलं वाक्य पाठीनं बोलते.

आणि ‘म्हणे’चं काय करू?
“गुणाजीचो ट्रॉलर म्हणे रत्नागिरीक गेलो.”
हे तिचं, की गुणाजीच्या बायकोचं,
की सगळ्या वाडीचं?
चिन्हं कुणाभोवती घालू?

काल लेकाचं सांगत होती.
“फोनार माका म्हणता कसो, ‘आये, आता मी
आणि उठली.
सुकट पालटायची राहिली होती.

एकात एक, दोन अवतरणं उघडी.
टिंबं दिली नाहीत, डॅशही नाही.
तोच माणूस पुढच्या परिच्छेदात बोलणार असेल
तर आधीचं अवतरण मिटायचं नसतं,
हाही नियमच.

खालच्या ओळीत चिन्हं मांडून ठेवलीत.
ऊन उतरलंय.
काकी सुकट गोणीत भरतेय,
माझ्याकडे बघत नाही.

“‘